हाताला लागणारे पांढरे केस

माझ्या पार्लरच्या दारावर पाटी आहे, 'फक्त महिलांसाठी'. अठरा वर्षांपूर्वी मीच ती रंगवून घेतली. खाली, जिन्याला लागून, घड्याळदुरुस्तीचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, तिथेच राहणं. गल्लीतली पोरं त्या दुकानदाराला टिकटिककाका म्हणायची. मनातल्या मनात मीही म्हणायचे. आता मी तिला ताई म्हणते. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, तेव्हा तेच बरोबर. ही सगळी हकिकत मी 'ती' म्हणूनच सांगणार आहे, अगदी काका होती तेव्हापासूनची. कारण तिचं म्हणणं असं, की मी तेव्हाही हीच होते, फक्त तुम्हाला ठाऊक नव्हतं. हे मला पटलं. मला सहजासहजी काही पटत नाही, हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा.

ताई बुटकी, अंगाने काटकुळी, बोटं मात्र लांबसडक. लग्न केलं नाही. दुकानात भिंतभर घड्याळं, आणि एकाच्या वेळेचा दुसऱ्याला पत्ता नाही. मी एकदा म्हटलं होतं, अहो, निदान एक तरी बरोबर लावा, लोक वेळ बघायला आत डोकावतात. तर म्हणाली, "वेळ बघायची तर घरी बघावी. इथे सगळे आजारी आहेत." गिऱ्हाइकाने घाई केलेली तिला खपत नसे. उद्या मिळेल का, असं कोणी विचारलं की घड्याळ परत त्याच्या हातात. होईल तेव्हा होईल, हे तिचं पालुपद. चौदा वर्षं आम्ही शेजारी होतो आणि एरवी आमचं बोलणं एवढंच, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, सेल बदलून द्या, बरं.

दुपारी दीड ते साडेतीन मी दार लोटून पाय वर करून पडते. त्या वेळात दार वाजवणाऱ्याचं मी तोंड बघत नाही, हे बायकांना पाठ आहे. एका दुपारी दार वाजलं. वाजतच राहिलं. उघडलं तर ताई, गालावर ओला रुमाल धरून.

"काका, पाटी वाचली नाही का?" मी म्हटलं. झोपमोड झाली होती.

"वाचली. म्हणूनच आले."

खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो माझ्या धंद्याचा. बायका काय म्हणतील, जिन्यात कोणी पाहिलं का. दुसरा विचार करायला वेळच मिळाला नाही, कारण तिने रुमाल काढला. दोन्ही गाल, हनुवटी लालभडक. जबड्याच्या कडेला सालं निघालेली आणि दोन ठिकाणी पाणी सुटलेलं. हे कशाने झालं ते मला विचारावं लागलं नाही. वीस वर्षं कातडीच बघतेय.

"पायांची क्रीम तोंडाला लावलीत?"

"हो."

"किती वेळ ठेवलीत?"

"ट्यूबवर सात मिनिटं लिहिलं होतं. दाढीचे केस जाड, म्हणून मी वीस ठेवली."

मग माझं तोंड सुटलं. क्रीम केस खाते तशी कातडीही खाते, तोंडाची कातडी पायाच्या निम्मीही नसते, आधी कोपराच्या आत बोटभर लावून एक दिवस वाट बघायची असते, हे सगळं मी तिला दारातच सुनावलं. वर हेही म्हटलं, "घड्याळात तेलाचा थेंब जास्त पडला तर तुम्ही दुसऱ्या दुकानदाराच्या नावाने खडे फोडता. आणि स्वतःच्या तोंडाला वीस मिनिटं?"

"घड्याळ उघडलं की आतलं दिसतं, मॅडम," ती म्हणाली. "इथे काय चाललंय ते दिसत नाही."

आत घेतलं, खुर्चीत बसवलं, गार पाण्याने दहा-पंधरा मिनिटं हलक्या हाताने धुतलं आणि ओलं मऊ फडकं ठेवलं. आणखी काही लावलं नाही. लोक अशा वेळी लिंबू, बर्फ, टूथपेस्ट, जे हाताला लागेल ते चोपडतात आणि मग रोगापेक्षा इलाज भयंकर होतो. संध्याकाळी तिला माझ्या ओळखीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. पण त्याआधी, फडकं गालावर असताना, डोळे मिटून तिने मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. लोक माझ्या खुर्चीत डोळे मिटले की बोलतात, हा माझा अनुभव आहे.

तिची आई चौऱ्याऐंशीची, दुसऱ्या गावी धाकट्या भावाकडे. काचबिंदूने तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून घरात कोणी आलं की म्हातारी तोंडावरून हात फिरवते आणि ओळखते. "मी गेले की गालावर हात ठेवते," ताई म्हणाली, "आणि म्हणते, आला का माझा दाढीवाला. दर वेळी. त्यापुढे मला काही बोलताच येत नाही."

भावाची दीड वर्षाने लांबच्या गावी बदली होणार होती. मग आई इकडे येणार, कायमची. दार लावून घेतलं की त्या मागच्या दोन खोल्यांत ताई स्वतःसारखी राहायची. कपडे, बांगड्या, कानांत छोटे खडे, सगळं होतं. एवढी एकच जागा होती तिला. भावाला माहीत होतं. तो म्हणाला होता, माझं काही म्हणणं नाही, पण आईला तूच सांग.

"सांगायला तोंड उघडत नाही माझं," ताई म्हणाली. "पण ती येईल त्या दिवशी हात लावेलच. तेव्हा तिच्या हाताला दाढी लागायला नको, एवढंच. गाल गुळगुळीत लागला तर ती विचारेल, मग मी सांगेन. दाढी लागली तर मी पुन्हा दाढीवाला. मग ती आहे तोवर तसंच."

"आणि गाल गुळगुळीत लागला आणि तिने हात काढून घेतला तर?"

हे मी विचारायला नको होतं. माझी जीभ अशीच आहे. तिने फडकं उलटून पुन्हा गालावर ठेवलं आणि म्हणाली, "तो एक प्रश्न आहेच."

मी म्हटलं, गालाचं काम माझ्याकडे, आईचं तुमच्याकडे. आणि तुम्ही मला मॅडम म्हणता तर म्हणा, मी तुम्हाला ताई म्हणणार.

पहिला महिना नुसतं गप्प बसायचं काम होतं. ते तिला अवघड गेलं. जखमा भरल्यावर मी तिला दाढी करायला शिकवली. हसू नका, एका बाईने दुसऱ्या बाईला दाढी शिकवणं जगात पहिल्यांदा माझ्याच पार्लरमध्ये झालं असेल. ती दिवसातून दोनदा करायची, उलट्या दिशेने, खरवडून, महिनाभर एकच ब्लेड. मी सांगितलं, आंघोळीनंतर करा, कातडी मऊ असते. फेस दोन मिनिटं राहू द्या. केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने हात चालवा, दाबू नका. चार-पाच वेळा वापरलं की ब्लेड फेका. ते झोंबणारं आफ्टरशेव्ह फेका, वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा, आणि दिवसा उन्हाचं क्रीम, ढग असले तरी. जबड्यावरची निळसर छटा झाकायला ती पावडरचे थरावर थर देत होती. ते बंद करून नारिंगी रंगाचा एक पुसट हात आणि त्यावर तिच्या रंगाचं फाउंडेशन, एवढंच दाखवलं. दुसऱ्या दिवशी खाली गेले तर तिच्या आरशाला दुरुस्तीची चिठ्ठी लटकत होती, गिऱ्हाइकाच्या घड्याळाला दोऱ्याने बांधतात तसली. त्यावर बारीक अक्षरात, 'दाबू नये'.

मग डॉक्टरीणबाईंनी लेझर सुरू केला. आधी कानाजवळ चाचणी, मग महिन्या-दीड महिन्याने एक बैठक. चार बैठकांत काळे केस विरळ झाले, निळी छटा गेली. मला वाटलं, जिंकलो. ताई मात्र रोज संध्याकाळी डोळे मिटून, उलट्या हाताने गाल चाचपायची. तिचं बरोबर होतं. तिची निम्मी दाढी पांढरी झालेली, आणि लेझरला पांढरा केस दिसतच नाही. ते यंत्र केसाचा काळा रंग शोधत मुळाशी जातं. रंगच नाही तर कुठे जाणार. आता तिच्या गालाकडे कोणी पाहिलं तर काही दिसत नसे. गल्लीला दिसत नव्हतं, गिऱ्हाइकांना दिसत नव्हतं. पण जिच्यासाठी हा खटाटोप चालला होता तिला मुळात दिसण्याशी कर्तव्य नव्हतं, आणि हाताला पांढरा केसही काळ्याइतकाच टोचतो.

पाचव्या बैठकीच्या दिवशी सकाळी ती मला दाखवायला वर आली. चेहऱ्यावर मोठं शहाणपण केल्याचा आनंद, आणि कानापासून हनुवटीपर्यंत जबडा डांबर लावल्यासारखा काळा.

"हे काय आहे?"

"केसांचा कलप," ती म्हणाली. "दोन दिवस वाढू दिले, काल लावला. मशीनला काळा केस लागतो ना? मग दिला काळा."

मला आधी हसू आलं, मग संताप आला. कलप लागतो तो बाहेरच्या केसाला, मुळाला नाही. आणि तो कातडीलाही लागतो. अशा रंगलेल्या कातडीवर लेझर मारला तर केस राहतील आणि गाल भाजेल. मी फोन करून बैठक रद्द केली. तोवर कलपानेच स्वतःचं काम सुरू केलं होतं. दुपारी खाज, संध्याकाळी दोन्ही गाल सुजून डोळे बारीक. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, दीड महिना काही करायचं नाही, आणि कलप यापुढे डोक्यालाही नाही.

मी तिला झाड झाड झाडलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते तुम्हीच, म्हटलं. "साऱ्या गावाला ऐकवता, होईल तेव्हा होईल. स्वतःच्या वेळी कुठे जातं ते?"

"ती लोकांची घड्याळं आहेत, मॅडम," सुजलेल्या तोंडाने ती हळूच म्हणाली. "ही माझी आई आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची."

मला इतकं लागलं की मी खाली बघून टॉवेलच्या घड्या घालत बसले. त्याच रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, उद्या माळ्यावरचं सुईचं मशीन काढून द्या.

ते मशीन मी कोर्स करून हौसेने घेतलं होतं आणि झाकून ठेवलं होतं. इलेक्ट्रोलिसिस म्हणतात त्याला. केसाच्या बाजूने, केसाहून बारीक सुई थेट मुळापर्यंत न्यायची, क्षणभर वीज सोडायची, मूळ मेलं की केस चिमट्यात आपोआप येतो, ओढावा लागत नाही. काळा, पांढरा, भुरा, सुईला सगळे सारखे. पण एका वेळी एकच केस. पुढचा केस, पुन्हा तेच. तोंडभर दाढी म्हणजे वर्ष, दीड वर्ष कुठे गेलं कळत नाही. बायकांना एवढा धीर नसतो आणि मला तर त्याहून नाही. पण आता आठवड्यातून दोन दुपारी, तासभर, माझी झोप बंद झाली. प्रत्येक वेळी नवी सुई, तिच्यासमोर पाकीट फोडून. काम झालं की गार फडकं, कोरफडीचा जेल, दुसऱ्या दिवसापर्यंत गालाला बोट लावायचं नाही आणि पावडर तर नाहीच.

दुसऱ्याच बैठकीला तिने माझ्या हातातला चिमटा मागून घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाली, "टोकं जुळत नाहीत. याने केस तुटतात, निघत नाहीत." वीस वर्षांत माझ्या हत्याराला कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही आपलं गाल बघा. तिने चिमटा खाली नेला, अर्ध्या तासाने आणून दिला. त्यानंतर मी दुसऱ्या कोणाच्या चिमट्याला हात लावलेला नाही. कबूल करायला मला आवडत नाही, पण तिचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे.

त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी होत्या. मी भिंगाच्या दिव्याखाली, ती डोळे मिटून. ती मला गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची. एक माणूस म्हणे दर सहा महिन्यांनी तेच चालू घड्याळ दुरुस्तीला आणतो, कारण बायकोला दाखवायला पावती हवी असते, आणि तो त्या दुपारी कुठे असतो ते त्यालाच ठाऊक. असलं काही सांगून स्वतःच हसायची. मी ओरडायचे, हसू नका, सुई हलते. तिला एकच गोष्ट जड जायची. सुईसाठी केस चिमट्यात यावा लागतो, म्हणजे आधी तीन दिवस दाढी करायची नाही. त्या तीन दिवसांत ती दुकानात मास्क लावून बसायची आणि विचारणाऱ्याला सांगायची, धुळीची ॲलर्जी. "इतक्या वर्षांत मला दाढी आवडली नाही," ती म्हणायची, "आणि आता ती जावी म्हणून मीच वाढवतेय."

माझ्या बायका काय म्हणतील याची मला सुरुवातीला भीती होती. एकदा एक शाळेतल्या बाई वेळेआधी अर्धा तास आल्या आणि थेट आत. खुर्चीत त्यांच्या दृष्टीने टिकटिककाका, ओढणी घेतलेले, गालात सुई. बाईंनी पाहिलं, बाहेरच्या बाकावर बसल्या आणि दोन मिनिटांनी तिथूनच विचारलं, "तुम्हाला अजून किती वेळ लागेल? मला चारला वर्ग आहे." एवढंच. मी सहा महिने उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

हळूहळू आणखी एकजण आला. बँकेतला कारकून, बायको-मुलांचा माणूस, बायकोला सगळं ठाऊक. तो फक्त सुट्टीच्या दिवशी, दार लावून, बायकोने निवडलेला ड्रेस घालतो. त्याला दाढी हवीच होती, नको होते ते छातीचे आणि हातांचे केस, तेही असे जावेत की सोमवारी बँकेत कोणाला कळू नये. मी वॅक्स सांगणार होते. तर ताई खुर्चीतून म्हणाली, "पहिल्यांदाच वॅक्स नको, पुरळ येईल, मग घाबरून पुन्हा येणार नाहीत. ट्रिमरने बारीक करा, बाह्या लांब घाला." वीस मिनिटं क्रीम लावून बसलेली ती हीच का, असा मला प्रश्न पडला.

साडेसहा महिन्यांत उजवा गाल पूर्ण झाला. पूर्ण म्हणजे पूर्ण, चाचपून बघा. वरचा ओठ झाला. डावा गाल आणि हनुवटी राहिली. अजून तीन महिने हातात होते आणि आम्ही दोघी खुशीत होतो. मग एका सकाळी भावाचा फोन आला. बदली आधीच झाली. येत्या रविवारी आईला आणतोय.

ती वर आली ती जिना चढून दमल्यासारखी नव्हती, कोणीतरी मारल्यासारखी होती. मी म्हटलं, अहो, निम्मं तर झालंय. उजवा गाल आहे की.

"मॅडम," ती म्हणाली, "माझ्यासमोर बसा."

मी स्टूल ओढून बसले.

"आता आईसारखा गालाला हात लावा."

मी हात पुढे केला. माझा उजवा हात. तो गेला तिच्या डाव्या गालावर. वाढवलेले खुंट टचकन हाताला लागले.

माझा दिवा खुर्चीच्या उजव्या बाजूला असतो म्हणून आम्ही उजवीकडून सुरुवात केली होती. सहा महिने, आठवड्यातून दोन दुपारी, ज्या गालाला म्हातारीचा हात लागणारच नव्हता तो गाल आम्ही चकचकीत केला. दोघींचं बारीक कामावर पोट, दोघींच्या डोळ्याला भिंग, आणि समोरासमोर बसलं की बाजू उलटते हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

"वॅक्स करा," ती म्हणाली. "शनिवारी. डाव्या बाजूला."

"नाही."

"एकदाच."

"दोन दिवसांपूर्वी त्या बाजूला सुई लागलीय. कातडी नाजूक आहे. पट्टी ओढली की साल निघेल, केस आत वळतील, पुढचे सहा महिने सुई लावता येणार नाही. मी करणार नाही."

"मग मी घरी करीन."

"करा. पण मग वर यायचं नाही."

हे मी बोलले. ती उठून गेली. चार दिवस तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी तिच्याकडे. मी दर दोन तासांनी काहीतरी आणायच्या निमित्ताने जिना उतरत होते, मास्कच्या वर लाली दिसते का बघायला. दिसली नाही. माझं चुकलं की बरोबर होतं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. कातडीपुरतं बरोबर होतं.

रविवारी सकाळी तीच वर आली. बदामी रंगाचा लांब बाह्यांचा ड्रेस, कानांत खडे. वॅक्स केलेलं नव्हतं. दाढीही केलेली नव्हती.

"निदान दाढी तरी करायचीत," मी म्हटलं.

"दाढी केली की तिला दाढी केल्याचंच कळतं. चार वर्षं ती तोच गाल धरतेय." मग म्हणाली, "तुम्ही खाली याल का? मला एकटीला जमणार नाही."

मी पार्लरला कुलूप लावलं.

खाली तिने सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. आईची खुर्ची भिंतीला टेकवून, तिच्या उजव्या हाताला टेबल, आणि आपली खुर्ची आईच्या डावीकडे अगदी चिकटून. म्हणजे आईने हात केला की आधी उजवा गाल. तिने हे मला बसून दाखवलं, दोनदा. घड्याळ बसवताना लागते तितकी अक्कल तिने त्या दोन खुर्च्यांवर खर्च केली होती.

भावाने आईला दंडाला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि बॅगा आणायला बाहेर गेला. म्हातारी लहानखुरी, पांढरी वेणी, बोटं ताईसारखीच लांब. मी दाराशी उभी राहिले. ताई ठरल्या जागी बसली. म्हातारीने डावीकडे हात केला, तो उजव्या गालावर पडला, आणि तिथेच थांबला. ताईने डोळे मिटून घेतले होते.

मग म्हातारीने दुसरा हातही वर केला, दोन्ही हातांनी ताईचं तोंड धरलं आणि सरळ आपल्याकडे वळवलं. सगळी जुळवाजुळव एका क्षणात गेली. उजवा हात डाव्या गालावरून हनुवटीपर्यंत फिरला, पुन्हा वर गेला.

"ही बाजू झालेली दिसते," ती म्हणाली. "ती राहिली."

"आई, मला तुला काही सांगायचंय."

"धाकट्याने गाडीत सुरुवात केली होती. मी म्हटलं, तू समोर बघून गाडी चालव. मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"डोळे आता चार वर्षांपूर्वी गेले," म्हातारी म्हणाली. "त्याआधी पन्नास वर्षं बघतच होते की मी."

तिने हात काढून घेतले नाहीत. ताई रडायला लागली, आवाज न करता, आणि रडता रडता बाहीने तोंड पुसायला लागली. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "चोळू नका, नुसतं टिपा." म्हणता म्हणता माझेच डोळे भरले, पण माझ्या डाव्या गालाची काळजी करायचं कारण नव्हतं.

म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "हे काम तुम्ही करता?"

"हो, आजी."

"या इकडे." मी जवळ गेले तशी तिने माझा हात धरला आणि माझं बोट स्वतःच्या हनुवटीखाली टेकवलं. चार-पाच केस होते, राठ, पांढरे. "आधी आरशात बघून काढायचे. डोळे गेल्यापासून राहून गेलं. दिसत नाहीत, पण दिवसभर हाताला लागतात. सुनेला सांगायची लाज वाटली. माझेही निघतील का?"

"निघतील. दहा मिनिटांचं काम आहे."

भाऊ बॅगा घेऊन दारात उभा होता. "आई, चार वर्षं?" तो म्हणाला. "मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"तुला काय बोलायचं त्यात," म्हातारी म्हणाली. तिचा एक हात अजून ताईच्या गालावर होता, राहिलेल्या बाजूवर. "आपल्या घरात बायकांना येतातच. माझ्या आईला होते, मला आहेत. हिला जरा जास्त आले."